खारावरून काचेचं कूळ

आपण बशीवर कप ठेवतो, तशी ती वाडगी ताटलीवर ठेवलेली होती. जपानमधल्या नारा प्रांतात काशिहारा शहराजवळ निइझावा सेन्झुका नावाची जागा आहे. सेन्झुका म्हणजे हजार टेकाडं. हजार नाहीत, पण सहाशेच्या आसपास आहेत, आणि प्रत्येक टेकाडाखाली एक थडगं. त्यातलं १२६ क्रमांकाचं थडगं १९६३ साली उकरलं गेलं. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. तिथल्या आम्लधर्मी मातीत हाडं टिकत नाहीत, त्यामुळे पुरलेल्या व्यक्तीचं काही हाती लागलं नाही. तिच्या अंगावरचं सोनं मात्र जागच्या जागी होतं. कानातली, केसांत घालायची सोन्याच्या तारेची वेटोळी, कपाळावरची जाळीदार चौकोनी पट्टी. शेजारी कपड्यांना इस्त्री करायचं, निखारे भरायचं ब्राँझचं भांडं. आणि काचेची ही जोडी.

ताटली गर्द निळी, सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाची, जरा खोलगट. तिच्यावर कधीकाळी सोनेरी रंगात चित्रं होती. रंग गेला, पण त्याच्या खुणा काचेवर उमटून राहिल्या आहेत: झाड, पक्षी, घोडा, माणूस. वाडगी मुठीत मावेल एवढी, जवळजवळ बिनरंगी, दीडेक मिलिमीटर जाडीची. तिच्या अंगावर घासून पाडलेले गोल गोल पैलू. अशी भांडी करायचं तंत्र त्या काळच्या जपानकडे नव्हतं. म्हणजे ती बाहेरून आली हे उघड होतं. पण कुठून?

पुढची पन्नास वर्षं याचं उत्तर घाटावरून आणि नक्षीवरून दिलं गेलं. तसल्या पैलूंच्या वाडग्या इराणात सापडतात, म्हणून वाडगी इराणी. निळ्या ताटलीचं कूळच लागेना. घाट बघून अंदाज बांधण्यात एक मोठी अडचण असते: घाटाची नक्कल होते. सुरतेचा कारागीर बनारसी नक्षी काढू शकतो, तसा एका देशाचा काचकार दुसऱ्या देशाचं भांडं हुबेहूब उतरवू शकतो. नक्कल होत नाही ती कच्च्या मालातल्या भेसळीची, कारण ती भेसळ कारागिराच्या गावीही नसते. २०१४ साली तोक्यो विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी या जोडीची भेसळच मोजली.

ती कशी मोजली हे कळण्यासाठी आधी स्वयंपाकघरात यावं लागेल.

काच म्हणजे वितळवलेली वाळू. पण निव्वळ गारेची वाळू वितळायला १७०० अंश सेल्सियस लागतात, आणि लाकडाच्या भट्टीत एवढी आच मिळत नाही. वाळूत खार मिसळला की ती हजार-अकराशे अंशांवर पातळ होते. मात्र नुसत्या वाळूची आणि खाराची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करायला चुना लागतो. वाळू, खार, चुना: जुन्या काळची बहुतेक काच या तिघांची आहे. रोमन काचेत साधारण ७० टक्के वाळू, १६ ते १८ टक्के सोडा आणि सात-आठ टक्के चुना असतो. बाकीच्या चार-पाच टक्क्यांत तिची सगळी जन्मकहाणी.

आता खार. आपल्याकडे जुन्या बायकांना खारांची जितकी पारख होती तितकी आज रसायनशास्त्र शिकलेल्यांनाही नसेल. पापडात घालायचा सज्जीखार वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, वैद्याकडचा यवक्षार आणखी वेगळा. काचकारांचंही तसंच होतं. इजिप्तमध्ये कैरोच्या वायव्येला वादी नात्रून नावाचा खोलगट भाग आहे. तिथली तळी उन्हाळ्यात आटतात आणि तळाशी पांढरा खार साचतो. त्याचं नाव नॅट्रॉन. तो म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचाच मिश्र खनिज भाऊ. ममी सुकवायला इजिप्तचे लोक हाच वापरत. रोमन साम्राज्यातली जवळजवळ सगळी काच या खारावर झाली.

इराण आणि इराकच्या काचकारांचा खार मात्र आपल्या सज्जीखाराच्या जातीचा. खाऱ्या, वाळवंटी जमिनीत वाढणारी झुडपं तोडायची, जाळायची आणि राख वापरायची. सिंध-राजस्थानात सज्जी अशीच व्हायची.

दोन्ही खार सोड्याचेच, दोन्हींची काच दिसायला सारखीच. फरक असा की झाड जमिनीतून फक्त सोडियम शोषत नाही; पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही शोषतं. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या गाभ्यातच मॅग्नेशियम असतं. त्यामुळे राखेच्या काचेत ही दोन्ही मूलद्रव्यं भरपूर येतात, आणि तळ्यातल्या खनिजाच्या काचेत ती अगदी कमी असतात. १९६१ साली सेअर आणि स्मिथ या दोन संशोधकांनी शेकडो जुन्या काचांची आकडेवारी मांडली तेव्हा हा भेद लख्ख दिसला. आजही ढोबळ नियम तोच आहे. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची ऑक्साइडं दोन्ही दीड टक्क्याच्या खाली असतील तर काच नॅट्रॉनची. दोन्ही बरीच वर असतील तर राखेची.

निइझावाची ताटली नॅट्रॉनची निघाली, वाडगी राखेची.

पाचव्या शतकातल्या जपानी माणसानं ज्यांची कपबशीसारखी जोडी लावली, त्या दोन भांड्यांच्या भट्ट्या दोन वेगळ्या जगांतल्या होत्या. वाडगीची घडण आजच्या इराकमधल्या टेसिफोन या इराणी सासानी साम्राज्याच्या राजधानीजवळ उत्खननात मिळालेल्या काचेशी जवळजवळ तंतोतंत जुळली. ताटलीत नॅट्रॉनबरोबर अँटिमनीही सापडलं. काचेचा हिरवट रंग घालवायला रोमन काचकार ते वापरत.

हिरवट का, हे घरबसल्या बघता येतं. खिडकीची काच बदलायची वेळ आली तर काचवाल्याकडे थोडं थांबा आणि कापलेल्या तुकड्याची कड बघा. समोरून पाण्यासारखी दिसणारी काच कडेनं शेवाळी हिरवी दिसते. हा वाळूतल्या लोखंडाचा रंग. वाळूत एक टक्क्याहून कमी लोखंड असलं तरी भांडं हिरवट होतं. ते घालवायला कधी मँगनीज, कधी अँटिमनी टाकत. रोमन जगात अँटिमनीची रीत पहिल्या काही शतकांत जोरात होती आणि चौथ्या शतकात ओसरली. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरलेली ही ताटली तेव्हाच जुनी असावी. आजीच्या चांदीच्या ताटासारखी हातोहात आलेली, किंवा कुणा व्यापाऱ्यानं ‘जुना माल आहे’ म्हणून चढ्या भावानं विकलेली.

ताटलीचा निळा रंग मुद्दाम दिलेला. इतका गर्द निळा कोबाल्टचा. तो चिमूटभर लागतो. हजार भागांत एखादा भागही पुष्कळ होतो.

हे सगळं मोजताना ताटलीला ओरखडाही पडला नाही. जुन्या काळी अशी तपासणी म्हणजे वस्तूचा तुकडा तोडून आम्लात विरघळवणं. जुन्या काचेचं पहिलं रासायनिक पृथक्करण १७९८ सालचं. मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काप्री बेटावरच्या रोमन हवेलीतले रंगीत काचेचे तुकडे असेच विरघळवले होते. थडग्यातल्या अखंड भांड्यावर हा प्रयोग करायला कोणतं संग्रहालय परवानगी देईल? म्हणून क्ष-किरणांचा मार्ग. क्ष-किरण काचेवर टाकले की ते अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना स्वतः क्ष-किरण सोडतो. या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. देवळात चार घंटा असतील तर रोज जाणाऱ्याला डोळे मिटूनही कुठली वाजली ते कळतं, तसं हे यंत्र आवाजावरून घंटा ओळखतं आणि किती वेळा वाजली त्यावरून प्रमाण सांगतं.

त्यात एक खोच आहे. सोडियम आणि मॅग्नेशियम हलकी मूलद्रव्यं. त्यांचा ‘आवाज’ इतका क्षीण की मध्ये दोन बोटं हवा असली तरी तो तिच्यातच विरतो. आणि आपला सगळा निवाडा तर मॅग्नेशियमवरच टेकलेला! म्हणून मधली हवा काढून टाकावी लागते.

दुसरी खोच मातीची. शेकडो वर्षं ओल्या मातीत राहिलेल्या काचेतला खार पाणी हळूहळू ओढून घेतं आणि पृष्ठभागावर पापुद्रे धरतात. जुन्या रोमन बाटल्यांवर साबणाच्या फुग्यासारखे इंद्रधनुषी रंग दिसतात ते याच पापुद्र्यांचे. लोक त्या रंगांवर भाळतात. तपासणाऱ्याला मात्र ती डोकेदुखी असते, कारण वरून मोजलं तर खार कमी भरतो आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी लेझरनं केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडून आतली ताजी काच वाफेच्या रूपात उपकरणात ओढतात. खड्डा डोळ्यांना दिसत नाही, आणि पन्नासेक मूलद्रव्यांचा हिशेब दशलक्षांशापर्यंत मिळतो.

आता कुणी विचारेल, रोमन साम्राज्य ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेलं. गावोगावी भट्ट्या असणार. मग रोमन काच इतकी एकसारखी कशी? याचं उत्तर एका अवजड लादीत आहे. इस्राएलमधल्या बेत शेआरिम या प्राचीन दफनभूमीच्या गावी १९५६ साली एका जुन्या हौदाची गुहा साफ करताना बुलडोझर एका लादीला अडला. लादी सव्वातीन मीटरहून लांब, दोन मीटर रुंद, जवळपास अर्धा मीटर जाड. हलेना, तेव्हा तिच्याभोवती फरशी घातली गेली आणि विषय संपला. काही वर्षांनी काच-अभ्यासकांनी पाहिलं तर ती अख्खी लादी काचेची होती. वजन सुमारे नऊ टन. आज तिचा काळ नवव्या शतकाचा धरतात. चुना प्रमाणाबाहेर पडल्यानं घाण बिघडला आणि लादी तिथंच सोडून दिली गेली.

या अपयशी लादीनं एक गोष्ट पक्की केली: काच तयार करणं आणि काचेचं भांडं करणं हे दोन वेगळे धंदे होते. किनाऱ्यावरच्या मोजक्या जागी, वाळू आणि खार जिथं सोयीचा तिथं, एकेका भट्टीत आठ-दहा टन कच्ची काच निघे. मग ती फोडून ढेकळं जहाजांनी दूरदूर जात, आणि गावोगावचे काचकार ती पुन्हा तापवून फुंकत. गुळाची ढेप एका गावची, लाडू दुसऱ्या गावचा. रसायन सांगतं ते ढेपेचं गाव. लाडू कुठं वळला हे ते सांगत नाही.

वर्तमानपत्रांतले ‘जपानमध्ये रोमन ताटली’ हे मथळे वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. ताटलीची काच रोमन साम्राज्यातली हे ठाम. भांडं तिथंच घडलं, हे बहुधा. सोनेरी चित्रं तिथंच काढली गेली का, याला काचेच्या पृथक्करणात उत्तर नाही. ताटली आधी इराणात पोचली, तिथं रंगली आणि मग वाडगीबरोबर पूर्वेला निघाली असाही एक तर्क आहे, आणि मला तो पटण्याजोगा वाटतो. दोन देशांची भांडी एकाच थडग्यात येण्याची वाट त्यानं सोपी होते. पण तो तर्कच.

कोरियात ग्योंगजू इथल्या सिल्ला राजांच्या थडग्यांतही अशी पश्चिमेची काच निघाली. १९७३ ते ७५ दरम्यान उकरलेल्या ह्वांगनाम देचोंग या जोड-टेकाडात पक्ष्याच्या चोचीसारख्या तोंडाची एक झारी मिळाली. तिची मूठ पुरण्याआधीच कधीतरी मोडली होती. कुणीतरी ती सोन्याच्या तारेनं गुंडाळून सांधली होती. सोन्याचे मुकुट घालणाऱ्या माणसांनी काचेची डागडुजी सोन्यानं करावी, यावरून त्यांच्या लेखी काचेचा भाव काय होता ते कळतं.

मधला चीन काचेच्या बाबतीत अगदी वेगळा निघाला. १९३० च्या दशकात सेलिगमन आणि बेक यांनी जुनी चिनी काच तपासली तेव्हा तिच्यात शिसं भरपूर सापडलंच, शिवाय बेरियमही सापडलं. बेरियमची काच पश्चिमेत कुणी करत नव्हतं. ही काच दुधी-हिरवट, थेट जेड पाषाणासारखी दिसते, आणि चिनी कारागिरांना नेमकं तेच हवं होतं. हान घराण्यातल्या लिऊ शंग या राजपुत्राला इसवीसनपूर्व ११३ मध्ये जेडच्या चकत्यांचा पोशाख चढवून पुरलं. त्याच्या मांचेंगच्या थडग्यात काचेची ताटली आणि कानवाले प्याले होते, तेही याच काचेचे. रोमन माणसाला काच पाण्यासारखी हवी होती, चिनी माणसाला दगडासारखी.

आणि भारत? या कहाणीत भारत आधी शब्दाच्या रूपानं येतो. निइझावाच्या ताटलीसारख्या गर्द निळ्या काचेला जपानीत ‘रुरी’ म्हणतात. ते चिनी ‘लिउली’वरून आलं, आणि लिउली प्राकृत ‘वेळुरिय’वरून, म्हणजे आपल्या संस्कृत ‘वैडूर्य’ शब्दावरून. काच रोमची, वाडगीचा देश इराण, थडगं जपानचं आणि नाव आपलं!

काचही होती. भारतीय काचेवर पहिलं भरघोस पुस्तक लिहिलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ १९६९ साली मुंबई विद्यापीठानं काढला. दीक्षितांना हाताशी होती ती मुख्यतः डोळ्यांची पारख. त्यांच्यानंतर पृथक्करणं होत गेली आणि भारतीय काचेची खूण पक्की झाली: ॲल्युमिना. रोमन काचेत ते दोन-तीन टक्के असतं. भारतातल्या एका मोठ्या गटाच्या काचेत पाच टक्क्यांहून जास्त, कधी दहाच्याही पुढं. कारण इथली वाळू ग्रॅनाइटसारख्या खडकांची झीज होऊन बनलेली, गारेबरोबर फेल्डस्पारचे कण असलेली. आणि खार? उत्तरेत त्याला ‘रेह’ म्हणतात. आपल्याकडे चोपण जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखा जो खार फुटतो, तोच. उत्तर प्रदेशात जलेसर भागात अशा मातीपासून काच करण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

या गटातही पोटजाती आहेत, आणि त्या ओळखायला युरेनियम आणि झिर्कोनियम कामी येतात, वाळूसोबत नकळत आलेली किंचितशी. ही दोन्ही मूलद्रव्यं १७८९ साली क्लाप्रोटनंच शोधली. नऊ वर्षांनी काप्रीची काच विरघळवताना, आपली ही दोन लेकरं एक दिवस काचेचीच साक्ष देतील हे त्याला कुठून कळणार?

अशीच एक साक्ष रायगड जिल्ह्यातल्या चौलची आहे. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांचं या जुन्या बंदरावर काम झालं. तिथले काचेचे मणी आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मिळालेले मणी शेजारी ठेवून तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हींची काच एकाच रासायनिक गटात बसली, युरेनियम जरा चढं असलेल्या. चौललगतच्या रेवदंड्याच्या खाडीतून गलबतं आफ्रिकेला जात होती हे इतिहास सांगतच होता. मण्यांनी ते आकड्यांत सांगितलं.

चौलचा किनारा, धाराशिव जिल्ह्यातलं तेर, पैठण, नेवासे: या गावांत पावसाळ्यात माती वाहून गेली की अजूनही मणी आणि काचेचे तुकडे वर येतात. पोरं ते खिशात घालतात, आणि शहरातून आलेले शौकीन पोरांकडून विकत घेतात. असा खिशातला मणी प्रयोगशाळेत दिला तर त्याची काच कोणत्या जातीची ते समजेल. पण तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या काळी पडला होता हे कायमचं गेलेलं असेल. निइझावाची ताटली एखाद्या दुकानात मिळाली असती तर ती आणखी एक रोमन ताटली ठरली असती, इतकंच. ती जपानमध्ये, पाचव्या शतकात, इराणी वाडगीखाली होती हे मातीनं सांगितलं. तेव्हा अशा जागी फिरताना पायाशी निळा-हिरवा तुकडा चमकला तर उचलू नका. जिथं आहे तिथंच त्याचा फोटो काढा, जागेची खूण लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्यात डेक्कन कॉलेजला कळवा.